एलिचपूरचे पैसे

माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात दोन साम्राज्यं आहेत. त्यातलं एक मी मागितलं नव्हतं.

मला फक्त खानदेशातल्या तांब्याच्या पैशावर काम करायचं होतं. मुघलांच्या काळात तापीकाठच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातावर संध्याकाळी काय पडायचं, एवढाच माझा प्रश्न होता. बादशहाच्या चांदीच्या रुपयावर कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत. पण रुपया सरकारच्या आणि सावकाराच्या घरी राहायचा, गावात फिरायचा तो तांब्याचा पैसा. त्याच्याबद्दल आमच्या भागात कोणी धड लिहिलंच नव्हतं.

माझे मार्गदर्शक जळगावला होते. मध्ययुगीन इतिहासातलं मोठं नाव. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो, आणि खानदेशात इतिहासाच्या कुठल्याही कॉलेजात 'सर' म्हटलं की तेच, असं समजलं जायचं. त्यांनी माझा आराखडा वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"खानदेश एवढासा. समिती हसेल तुम्हाला. साम्राज्य घाला."

"सर, मुघल आहेत की."

"मुघल सगळेच घालतात. अजून एक घाला."

मग मी तुर्कांचं साम्राज्य घातलं. 'आद्य आधुनिक साम्राज्यांतील चलनव्यवस्था' वगैरे लांबलचक शीर्षक झालं. समिती हसली नाही. धुळ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली बसून मी इस्तंबूलच्या सुलतानाबद्दल मोबाईलवर वाचायला लागले. नको असलेलं ते साम्राज्य हळूहळू आवडायला लागलं, हे खरं आहे. सुलतानाने चांदीचं नाणं हलकं केलं आणि तेच सैनिकांच्या पगारात दिलं, तेव्हा सैनिक राजवाड्याच्या दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी माणसांची मुंडकी मागितली. इकडे औरंगजेबाच्या वेळी तांबं महाग झालं, पैसा हलका केला, तेव्हा खानदेशात कोणी कुठे जाऊन उभं राहिलं नाही. लोकांनी जुने जड पैसे मडक्यात घातले, तोंड बांधलं आणि पुरले. हलके पैसे बाजारात चालवले. दोन साम्राज्यांची तुलना म्हणून मी हे लिहिलं होतं. सरांनी समासात 'छान' असं लिहिलं. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी माझं वाचलेलं तेवढंच असावं.

मी तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवत होते. तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली तर काही नाही. नवऱ्याचं औषधांच्या एजन्सीत काम होतं, घर त्याच्यावर चालायचं. त्याने कधी टोमणा मारला नाही. टोमणे मारायला माझी आई पुरेशी होती. अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून ती फोन करायची आणि बोलण्याचा शेवट ठरलेला असायचा.

"जुना पैसा पाहीसन नवा पैसा कव्हय भेटी तुले?"

मी म्हणायची, "भेटी, माय."

जुना पैसा पाहायचा तर त्यावरची अक्षरं वाचता यायला हवी होती. सरांना विचारलं, फारसी कोणाकडे शिकू? सर म्हणाले, "इंग्रजी भाषांतरं आहेत ना सगळ्याची." मला तेव्हा ते आळशीपणाचं वाटलं. सरांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्या माणसाच्या नावावर मुघल काळावरची एवढी पुस्तकं आहेत त्याच्याबद्दल असा संशय येईल तरी कसा?

नशिराबादला एक निवृत्त शिक्षक राहतात, उर्दू शाळेत होते, फारसी त्यांच्या घरात होती, असं मला जळगावच्या ग्रंथालयात कळलं. शोधत गेले. उंच, वाकलेले, रागीट चेहऱ्याचे गृहस्थ. बायको वारलेली, मुलगा सुरतला. त्यांना गल्लीत सगळे मास्तरसाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला उंबऱ्यातच उभं केलं.

"कशाला शिकायचं?"

"नाण्यांवरचं वाचायला."

"नाण्यांवर काय असतं? बादशहाचं नाव, गावाचं नाव. तेवढ्यासाठी फारसी?"

"तेवढंच वाचायचंय."

"मग नका शिकू. पूर्ण शिकायची असेल तर रविवारी या."

रविवारी गेले. पुढे बरेच रविवार गेले. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथून नशिराबाद. हायवेचं काम चाललेलं, एसटीच्या खिडकीतून येणारी धूळ वहीच्या पानांत बसायची. मास्तरसाहेब चांगले शिकवायचे आणि वाईट बोलायचे. माझं अक्षर पाहून म्हणायचे, कोंबडी चालून गेली का? फी घ्यायला तयार नव्हते. मी केळी नेली तर चिडायचे, तूर नेली तर ठेवून घ्यायचे. सगळ्या जगाशी त्यांचं भांडण होतं. शाळेशी, वर्तमानपत्राशी, सुरतच्या मुलाशी. अक्षरांशी मात्र ते फार प्रेमाने वागायचे. प्रत्येक अक्षराचा स्वभाव सांगायचे.

"अलिफ हा गर्विष्ठ माणूस आहे, बेटी. मागचा येऊन चिकटला तर चिकटू देतो, पण स्वतः पुढच्याचा हात कधी धरत नाही. लाम पण तसाच उभा दिसतो, त्याच्याच उंचीचा. पण लाम दोन्हीकडे हात देतो. दोघांत घोटाळा करू नको."

एकदा चहा पिताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं पुस्तक छापून येईल त्यात आभार असतात ना?"

"असतात. तुमचं नाव पहिलं."

"पहिलं नको. शेवटी चालेल. पण आमच्या लिपीत पण लिही. खाली, छोटं." मग लगेच चिडून म्हणाले, "नाही लिहिलं तरी चालेल. मला काय!"

प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी नरडाण्याच्या अलीकडे एका खेड्यात शेडच्या पायासाठी खोदताना जेसीबीच्या दातांत मडकं आलं. आत तांब्याचे पैसे. पोलीस पाटलाने कळवलं, तहसील कार्यालयाने ताब्यात घेतले. बातमी मला वर्तमानपत्रातून कळली आणि मी वेडी झाले. पुरातत्त्व खात्याचे लोक घेऊन जाण्याआधी मला ते पाहायचे होते. अर्ज केले, धुळ्याला कलेक्टर कचेरीत खेटे घातले, सरांच्या सहीचं शिफारसपत्र आणलं. सही करताना सर म्हणाले, "तांब्याचे आहेत ना? सोन्याचे असते तर मीही आलो असतो."

परवानगी मिळाली. तहसीलच्या एका खोलीत कारकून समोर बसलेला, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर ते हिरवट-काळे जाड तुकडे. एकेक हातात घेऊन मी मोबाईलने फोटो काढले. डाव्या हाताच्या बोटांत नाणं धरायचं, उजव्या हाताने फोटो घ्यायचा. नुकतंच नागपंचमीला आईने हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, त्या सारख्या वाजत होत्या. जेवायची सुट्टी झाली तरी कारकून उठला नाही. त्याने डबा तिथेच उघडला आणि मला म्हणाला, "पाहा, पाहा. पुन्हा कोण दाखवणार तुम्हाला?"

तांब्याच्या पैशाची एक गंमत असते. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. त्यामुळे मजकूर कधीच पूर्ण उमटत नाही. एकावर नावाचं डोकं, दुसऱ्यावर पाय. टांकसाळीचं गाव बहुतेक नाण्यांवर अर्धंच होतं. शेवटचं 'पूर' स्वच्छ दिसत होतं, त्याच्या आधी एक उभी रेघ. मी बऱ्हाणपूर वाचलं. दुसरं काय वाचणार? बऱ्हाणपूर खानदेशच्या सुभ्याची राजधानी, तिथे टांकसाळ होती, सगळी पुस्तकं तेच सांगतात. घाईघाईने प्रकरण लिहिलं. नरडाण्याच्या बाजूला बऱ्हाणपूरचे जड पैसे पुरलेले सापडतात, म्हणजे राजधानीतून निघालेला पैसा सुभ्याच्या पश्चिम टोकापर्यंत पोचत होता, खेड्यात तांबं भरपूर फिरत होतं. सरांनी त्यांच्या जुन्या पुस्तकात बरोबर उलटं लिहिलेलं होतं. खानदेशातल्या खेड्यांत नाणं जवळजवळ नव्हतंच, सगळा धान्याचा व्यवहार, असं त्यांचं म्हणणं. मी भीतभीतच ते प्रकरण आणि फोटो त्यांच्याकडे दिले.

"ठेवून जा," सर म्हणाले.

पुढच्या रविवारी तेच फोटो मास्तरसाहेबांना दाखवले. त्यांनी भिंग काढलं, खिडकीपाशी गेले आणि एकेक फोटो भिंगाखाली पाहिला. मग मला जवळ बोलावलं.

"ही उभी रेघ काय आहे?"

"अलिफ. बऱ्हाणपूरमधला."

"पायाशी बघ."

पायाशी ती रेघ पुढच्या अक्षराला जोडलेली होती. एका फोटोत नाही, जिथे जिथे तो भाग उमटला होता तिथे तिथे. अलिफ पुढच्याचा हात धरत नाही. तो लाम होता. लाम, त्याला जोडून च, मग पूर. एलिचपूर. आजचं अचलपूर, वऱ्हाडातलं.

 मास्तरसाहेब हसत होते. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझं प्रकरण पडलं होतं आणि त्याच्या जागी फार मोठं काहीतरी उभं राहिलं होतं. हे पैसे राजधानीतून आलेलेच नव्हते. ते वऱ्हाडातून आले होते, दुसऱ्या सुभ्यातून, तापीच्या खोऱ्याने कापसाच्या गाड्यांबरोबर सुरतेकडे जाताना वाटेत उतरले होते. म्हणजे बादशहाचा हुकूम पैसा फिरवत नव्हता, कापूस फिरवत होता. माझ्या त्या कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातावर पडणारा पैसा कुठून आला ते मला कळलं होतं. मी प्रकरण पुन्हा लिहिलं, सरांना नेऊन दिलं, वर चिठ्ठी लावली की आधीचं रद्द समजावं.

"ठेवून जा," सर म्हणाले.

नंतरचं जवळजवळ वर्ष मी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर काढलं. सर मीटिंगला आहेत, सर जेवायला गेलेत, सर विद्यापीठात आहेत. भेटले की काहीतरी काम द्यायचे. कॉलेजच्या नॅक तपासणीच्या फायली लावून दिल्या, त्यांच्या पुस्तकाची सूची केली, परीक्षेच्या उत्तरपत्रिका जुळवल्या. प्रकरणाबद्दल विचारलं की म्हणायचे, "वाचतोय. घाई कसली?"

मग धुळ्यातल्या एका कॉलेजात राज्यस्तरीय चर्चासत्र ठरलं. सरांचं बीजभाषण, विषय खानदेशातलं चलन. मला वाटलं, जुन्या पुस्तकातलंच बोलतील. मला सूत्रसंचालनाचं काम दिलं होतं, आणि मी मास्तरसाहेबांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी पेटीतली शेरवानी काढली होती. उन्हाळा, एसटीचा प्रवास, शेरवानी. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा घामाने निथळत होते आणि तरी गळ्याचं बटण उघडायला तयार नव्हते. त्यांना मी दुसऱ्या रांगेत बसवलं.

समई झाली, शाल-श्रीफळ झालं. मी सरांची ओळख करून दिली. सर उठले आणि म्हणाले, "आज मी माझंच एक जुनं मत मोडीत काढणार आहे." लोक कौतुकाने हसले. त्यांनी पडद्यावर पहिलं चित्र लावलं.

पडद्यावर माझा अंगठा होता. भिंतीएवढा. मागे हिरव्या बांगडीची चकाकी आणि बोटांत एलिचपूरचा पैसा.

सर बोलत होते. नरडाण्याजवळ मिळालेल्या नाण्यांचा आपण बारकाईने अभ्यास केला, असं सांगत होते. माझी वाक्यं होती. इस्तंबूलचे सैनिक आले, खानदेशातली मडकी आली. "तिकडे दंगा झाला, इकडे मडकी पुरली गेली," हे वाक्य त्यांनी थांबून, सावकाश म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "ही सर्व नाणी बऱ्हाणपूरच्या टांकसाळीची आहेत, हे त्यावरील फारसी लेखावरून स्पष्ट होतं."

त्यांनी पहिला मसुदा उचलला होता. दुसरा उघडलाही नव्हता.

मास्तरसाहेबांनी मागे वळून मला शोधलं. मी व्यासपीठाच्या कडेला माईक धरून उभी होते. त्यांनी बोटाने खूण केली, विचार. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा माईक माझ्याच हातात होता.

"सर, टांकसाळीच्या नावातली उभी रेघ पुढच्या अक्षराला जोडलेली आहे," मी म्हटलं.  "अलिफ पुढे जोडला जात नाही. तो लाम आहे. त्यामुळे हे बऱ्हाणपूर नसून एलिचपूर आहे. हे मी तुम्हाला मागच्या वर्षी लेखी दिलं होतं."

 सरांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात मला राग शोधूनही सापडला नाही.

"ही माझी विद्यार्थिनी," ते लोकांना म्हणाले. "पाहा, मी माझ्या विद्यार्थ्यांना गुरूलाही प्रश्न विचारायला शिकवतो. अशी पिढी तयार झाली पाहिजे. शाबास."

टाळ्या झाल्या. जोरात. सरांसाठी, आणि थोड्या माझ्यासाठीही. मग मला आभारप्रदर्शन करायचं होतं, ते मी केलं. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव त्यासमोर होतं. कोणाकोणाचे आभार मानले ते आठवत नाही.

मास्तरसाहेबांना स्टँडवर सोडायला गेले. ते बाकावर बसले आणि आता त्यांनी बटण उघडलं.

"त्याला वाचता येत नाही," ते म्हणाले.

"हो."

"एकही हर्फ नाही येत. एवढी वर्षं! चोरायचं तर माणसाने नीट तरी चोरावं, बेटी."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. ते माझ्याकडे न पाहता समोरच्या फलाटावरच्या शिरपूरच्या गाडीकडे पाहत राहिले. समजूत घालणं त्यांना जमायचं नाही.

आठवड्याने सरांनी घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीने चहा आणून दिला, चौकशी केली. सर चिडतील म्हणून मी तयारीने गेले होते. ते चिडले नाहीत.

"तुम्हाला वाटतंय मी तुमचं घेतलं," ते म्हणाले. "घेतलं असं समजा. पण माझ्या नावाने ते छापून येईल, लोक वाचतील. तुमच्या नावाने कोण छापणार होतं? धुळ्याच्या एका सीएचबीच्या बाईचं?"

मी कप खाली ठेवला.  ते खरं होतं.

"तुमचं चौथं प्रकरण सुधारा," ते पुढे म्हणाले. "एलिचपूर काढा. मार्गदर्शकाच्या विरुद्ध जाणारा प्रबंध मार्गदर्शकाच्या सहीने कसा जाईल? जगात हसं होईल. एवढं केलंत की महिन्याभरात सही."

"सर, तिथे लाम आहे."

"असेल. काढा."

मी काढलं नाही. फार शूर होते म्हणून नाही. त्या रेघेच्या पायाशी काय आहे ते एकदा दिसल्यावर मला ते न दिसल्यासारखं लिहिता येईना. रात्रंदिवस नवऱ्याशी बोलून शेवटी मार्गदर्शक बदलून मिळण्याचा अर्ज केला. नवरा म्हणाला, "कर. पण नंतर त्यांच्या नावाने जेवताना बोलायचं नाही." तो शब्द मला पाळता आला नाही.

अर्ज फिरत राहिला. ज्यांना विचारावं ते म्हणायचे, तुमचं बरोबर आहे, पण मला सरांशी वाईटपणा नको. सरांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं, तशी गरजच नव्हती. शेवटी निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी मला घेतलं. "मला भांडणात ओढायचं नाही," एवढी एकच अट. त्या चांगल्या होत्या, पण कागद हलायला जायचा तो वेळ गेलाच. याच काळात धुळ्याच्या माझ्याच कॉलेजात इतिहासाची कायम जागा निघाली. मी अर्ज केला. पदवी हातात नव्हती. ती जागा सरांच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला मिळाली. त्याचा राग करावा असंही त्याच्यात काही नव्हतं. साधा मुलगा, मला ताई म्हणायचा, पहिल्या दिवशी पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी पेढा खाल्ला. माझे तास कमी झाले.

सरांचा लेख छापून आला. फोटो माझेच होते, अंगठा कापलेला होता.

मास्तरसाहेबांकडे जाणं कमी झालं होतं. मूल झालं होतं, सासूबाई आजारी असायच्या, आणि खरं तर प्रबंध पुढे सरकत नसताना त्यांच्यासमोर जायला नको वाटायचं. फोन करायची. ते विचारायचे, "कुठे पोचलं?" मी म्हणायची, विद्यापीठात. एका थंडीत फोन केला तो त्यांच्या मुलाने उचलला. अब्बा जाऊन महिना झाला, म्हणाला. तुमचा नंबर सापडला नाही.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी सरांचा लेख वाचला होता. माझ्या चौथ्या प्रकरणातला फोटो त्यांनी खिशातल्या भिंगाखाली धरला.  मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"लाम आहे," ते म्हणाले.

एवढंच. पुढचा प्रश्न त्यांनी तुर्कांवर विचारला. पण त्या दोन शब्दांनी मला जे झालं ते पदवी मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा झालं नाही. मी आईला फोन केला, डॉक्टर झाले म्हणून. ती म्हणाली, "चांगलं व्हयनं. आते नोकरी लागी का?" मी म्हटलं, पाहू.

बांधून आलेली एक प्रत मास्तरसाहेबांच्या घरी ठेवायला म्हणून नशिराबादला गेले. आभाराच्या पानावर शेवटी त्यांचं नाव होतं, खाली त्यांच्या लिपीत, छोटं. मी स्वतः हाताने लिहून ते छापून घेतलं होतं, आणि कोंबडी चालल्यासारखं दिसू नये म्हणून कितीदा तरी लिहिलं होतं. घराला दुसरंच कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, मुलाने घर विकलं, तो सुरतला गेला. पुस्तकं? त्यांनी हात हलवला. टेम्पो आला होता रद्दीवाल्याचा. मला प्रत द्यायला कोणीच नव्हतं. ज्या एसटीने आले तिच्याच परतीच्या फेरीने मांडीवर प्रबंध ठेवून घरी आले.

ज्या नियतकालिकात सरांचा लेख आला होता त्यांना मी दुरुस्तीचं टिपण पाठवलं. उत्तर आलं नाही. आठवण करून दिली, तरी आलं नाही. संपादक मंडळात सर होते. पुढच्या वर्षी पदवीच्या अभ्यासक्रमात स्थानिक इतिहासाचा पेपर आला, त्यात सरांचा लेख संदर्भ म्हणून लागला. आता दर उन्हाळ्यात मी त्या पेपरच्या उत्तरपत्रिका तपासते. नाणी कुठल्या टांकसाळीची, या प्रश्नाला मुलं बऱ्हाणपूर लिहितात. नमुना उत्तरात तेच आहे. मी बरोबरची खूण करते. वर्गात मी एलिचपूर शिकवते आणि शेवटी सांगते, परीक्षेत मात्र असं लिहू नका. मागच्या वर्षी एका मुलीने तरीही एलिचपूर लिहिलं. मी तिला गुण दिले. नियामकांनी ते कापले.

गेल्या पावसाळ्यानंतर सरांच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ निघणार असं कळलं. पेढे घेऊन आलेल्या त्या मुलाचा फोन आला. आता तो विभागप्रमुख आहे.

"ताई, चार पानं द्या. सरांनी स्वतः तुमचं नाव सांगितलं."

"काय लिहू?"

"आठवणी. नाहीतर एखादा संशोधन लेख. तुम्हाला आवडेल ते."

मी लेख दिला. विशेषण एकही घातलं नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त फोटो, रेघेचा पाय, लाम आणि च, वऱ्हाड ते सुरत कापसाची वाट. आयुष्यात लिहिलेलं ते माझं सगळ्यात स्वच्छ लिखाण असेल. छापायची दुसरी जागा मला मिळालीच नव्हती, ही एक मिळाली तर काय हरकत, असा विचार केला. थोडी आशाही होती, लपवून काय करू.

ग्रंथ कुरिअरने घरी आला. जाड, गुळगुळीत कागद. अनुक्रमणिका दोनदा पाहिली. माझा लेख नव्हता. मागे छायाचित्रांच्या पानावर त्या जुन्या चर्चासत्रातला फोटो होता. सर बोलतायत, कडेला मी माईक घेऊन उभी. खाली लिहिलं होतं, 'सर, एका विद्यार्थिनीसह'.

त्या मुलाला फोन केला. तो अवघडला. "ताई, लेख फार चांगला होता. पण गौरवग्रंथात ते बरं दिसलं नसतं. तुम्ही समजून घ्या."

"घेतलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा कामावरून आला होता. त्याने टेबलावरचा ग्रंथ उचलून पाहिला, वजन करून पाहिल्यासारखा.

"आहे का तुझं?"

"नाही."

त्याने तो बाजूला ठेवला, हात धुतले आणि ताटं मांडली. वांग्याचं भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. जेवताना मी सरांबद्दल बोलले. त्याने ऐकून घेतलं.